भंगाराला कोणी तेल लावतं का?

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा उभ्याउभ्याच नमस्कार. रीतीप्रमाणे साष्टांग घातला असता, पण इंजिनाचा बिडाचा ब्लॉक उचलताना पाठीत उसण भरली आहे आणि एकदा आडवा झालो तर पुन्हा उभं कोण करणार हा प्रश्न आहे. (वर्कशॉपात चेन-पुली आहे, पण ती इंजिनांसाठी. तुझी भावजय म्हणते, वजनात फार फरक नाही, चालून जाईल.) तुम्ही दोघं खुशाल असालच. भाऊजींचा खोकला कसा आहे? तुझ्या नव्या घराच्या मागच्या खोलीत ओल येत होती ती थांबली का? हा प्रश्न माझा नाही, बाबांचा. आत्ताआत्तापर्यंत रोज विचारायचे. आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच म्हणायचे की राहू दे, मी जाऊन बघतो. एवढ्या एका वाक्याने आमच्या घराची जी अवस्था केली आहे ती तुला सविस्तर कळवावी म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, कारण पाठीमुळे मला दुसरं काही काम करता येत नाही आणि पत्र लांबणार आहे.

तर झालं असं, की तुझं घर बांधून झाल्याचं कळल्यापासून बाबांनी ठरवलं, लेकीचं घर बघायला जायचं ते आपल्या गाडीने, आणि गाडी चालवायची ती स्वतः. बस त्यांना चालत नाही (ड्रायव्हर गिअर कसा टाकतो ते ऐकून त्यांना मळमळतं). मी सोडतो म्हटलं तर म्हणाले, मी काय पार्सल आहे? आपली जुनी गाडी तुला आठवत असेल, जिच्या मागच्या सीटवर तू मला खिडकी कधी म्हणून दिली नाहीस ती. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. चालू केली की निळा धूर काढायची आणि पेट्रोलच्या बरोबरीने तेल प्यायची. बाबा म्हणाले, इंजिन उतरव, उघड, ब्लॉक तपास, आणि ब्लॉक चांगला निघाला तर नव्याने बांध. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी न्हाव्याला सांगितलं, समोरच्या शिंप्याला सांगितलं, आणि त्या दोघांना सांगितल्यावर आणखी कोणाला सांगायची गरज उरत नाही. मग मी दूध आणायला निघालो तरी लोक विचारायचे, बाबा कधी निघतायत?

यात अडचण काय, असं तू म्हणशील. अडचण बाबांच्या डोळ्यांची आहे. लांबचं त्यांना दिसेनासं झालंय. परवा कोपऱ्यावरच्या टपालपेटीसमोर ते अदबीने थांबले, आधी तुम्ही म्हणून हात केला, बराच वेळ वाट बघितली, आणि घरी येऊन आईला म्हणाले, हल्ली माणसं फार अबोल झाली आहेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. बाबा म्हणतात, दिसतंय तेवढं पुष्कळ आहे. आता हा माणूस तुझ्याकडे यायला घाटात गाडी घालणार, तो घाट ज्यात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे नुसतं मनात आलं तरी आमच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्यामुळे घरात एक कट शिजला. आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून भांडी आपटत सांगितलं, की ब्लॉक खराब निघाला तर किती बरं होईल नाही. तुझी भावजय जास्त व्यवहारी. ती म्हणाली, निघाला तर कशाला, काढा. डोळे तपासायला बाबांना घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनीसुद्धा मला बाजूला घेतलं आणि तुमच्या त्या ब्लॉकला एखादी भेग नाही का हो सापडणार, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही नसलेला आजार लिहून देता का? तर म्हणाले, माणूस घाटातून खाली जाणार असेल तर विचार करीन. आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण बाबा माणसांचं ऐकत नाहीत. आईचं नाही, डॉक्टरांचं नाही, माझं तर नाहीच नाही. ते फक्त बिडाचं ऐकतात. ब्लॉकने स्वतः सांगितलं की मी बाद आहे, तर ते निमूट मान खाली घालतील. म्हणजे सगळ्या घराचा जीव त्या एका बिडाच्या ठोकळ्यावर, आणि ठोकळा माझ्या हातात.

माझी पंचाईत तुझ्याइतकी कोणाला कळणार नाही. मलाही बाबांनी जाऊ नये असंच वाटत होतं. पण आपल्या वर्कशॉपातून आजवर खोटं माप बाहेर गेलेलं नाही. आपली पद्धत तुला मी सांगायला नको, पण लग्न होऊन गेलेल्या माणसांना माहेरच्या रीती विसरायला होतात म्हणून उजळणी करतो. ब्लॉकचं माप एकट्याने घ्यायचं नाही. दोघांनी घ्यायचं, वेगवेगळं, एकमेकांना न सांगता. पहिल्याने आपले आकडे ब्लॉकच्या डाव्या अंगाला खडूने लिहायचे आणि त्यावर पोतं टाकायचं, दुसऱ्याने उजव्या अंगाला लिहायचे. मग पोतं काढून दोन्ही बाजू बघायच्या. जुळले तर ते खरे, त्यावर मग कोणी चकार शब्द काढायचा नाही. नाही जुळले तर दोघांनी पुन्हा मोजायचं. तू होतीस तेव्हा तू आणि बाबा मोजायचात, तू गेल्यापासून मी आणि बाबा. मी पहिला, बाबा दुसरे. त्यांना मापाच्या वेळी आसपास कोणी लागत नाही. म्हणतात, तुमच्या श्वासाने गेजच्या डायलचा काटा हलतो. म्हणून दार लावून घेतात आणि मी बाहेर पायरीवर बसतो. आणि नवल बघ, टपालपेटीला वाट देणारा हा माणूस डायलवरची केसाएवढी रेघ चुकत नाही. आमचे आकडे जुळतात म्हणजे जुळतात. क्वचित कधी अर्ध्या रेघेचा फरक पडतो, मग मी पुन्हा मोजतो, आणि दर वेळी मलाच वाटू लागतं की चूक माझी असणार. म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं होतं, लांबचं जाऊ दे हो, जवळचं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

असो. ब्लॉक तपासायला घेतला तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा एका ब्लॉकचं वाईट चिंतत होतो. आधी तो कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळला, वर्षानुवर्षांची राड निघाली, पाण्याच्या वाटांत साचलेला क्षार तारेने कोरून काढला. (उसण याच टाकीतून काढताना भरली.) इतका लख्ख केला की आई म्हणाली, माझी कढई कधी अशी घासली असतीस तर. मग तो साखळीला अधांतरी टांगला आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे लहान हातोडीने टकटक केलं. तडकलेलं बीड बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. हा वाजला शाळेच्या घंटेसारखा. भिंतीपलीकडून बाबांनी विचारलं, ऐकलंस का? मी म्हटलं, ऐकलं. आईनेही ऐकलं असावं, कारण स्वयंपाकघरात लगेच एक झाकण खाली पडलं.

नुसत्या आवाजावर निकाल देता येत नाही, म्हणून मी मोठ्या आशेने लाल रंग काढला. हा पातळ रंग सगळीकडे फासायचा, भेग असेल तर तो आत मुरतो. वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरी पूड फवारायची, की मुरलेला रंग पुडीवर लाल रेघ होऊन उमटतो. मी पूड फवारली, बसून राहिलो, आणि ताई, दोन सिलिंडरांच्या मधोमध एक बारीक लाल रेघ दिसली. मला झालेला आनंद या धंद्यातल्या माणसाला शोभणारा नव्हता. मी तुझ्या भावजयीला बोलावलं, तिने आईला, आई ओल्या हातांनीच आली. तिघंही वाकून बघत होतो. आई म्हणाली, बिचारा ब्लॉक, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (आई दुःखातही रडते आणि सुटकेनेही रडते, त्यामुळे कोणतं ते सांगता येत नाही.) तेवढ्यात बाबा आले. काय बघताय म्हणाले. मी तोंड पाडून रेघ कुठे आहे ते सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं नाही, नुसता अंगठा फिरवला, आणि रेघ अंगठ्याला चिकटून वर आली. ज्या फडक्याने मी रंग पुसला होता त्याचा तो दोरा होता. बाबा म्हणाले, फडकं बदल, आणि गेले. आम्ही तिघं बराच वेळ ब्लॉककडे बघत उभे होतो. तो ठणठणीत होता.

मग हवेची तपासणी. पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्या आणि रबर लावून बंद केल्या, आत हवा भरली आणि ब्लॉक हौदात बुडवला. कुठे भेग असेल तर बुडबुडे येतात. मी हौदाच्या काठाशी स्टूल टाकून बसलो. गळ टाकून बसलेला माणूसही पाण्याकडे इतक्या आशेने बघत नसेल. एक बुडबुडा आला. मग दुसरा. मी हात घालून चाचपलं तर मीच लावलेल्या पट्टीचा बोल्ट सैल होता. तो आवळल्यावर पाणी असं स्थिर झालं की त्यात माझाच चेहरा दिसायला लागला, एका निर्दोष ब्लॉकवर आस लावून बसलेला. मला तो चेहरा आवडला नाही. पुढे ब्लॉकच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवून पाहिली, पट्टीखाली फट मोजायच्या पात्यांतलं सर्वांत पातळ पातंही शिरेना. क्रँकची लाइन पाहिली, ती सरळ. धूर यायचा तो पिस्टनच्या रिंगा चिकटल्यामुळे आणि व्हॉल्व्हचे गाइड सैल झाल्यामुळे, त्यात ब्लॉकचा काडीचाही दोष नव्हता. इतकी वर्षं हे काम करतोय, पण असा ब्लॉक माझ्या हाताखालून क्वचितच गेला असेल, आणि तो यायचा तर नेमका आत्ता.

उरलं ते सिलिंडरचं माप. इथे मला थोडी जागा होती, ती कशी ते सांगतो. हा ब्लॉक बाबांनी पूर्वीच एकदा शेवटच्या मापापर्यंत बोअर केलेला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून रुंद केलेला आहे. त्यापुढे पिस्टन मिळत नाही, आणि या जातीच्या इंजिनात दोन सिलिंडरांमधली भिंत इतकी पातळ असते की आत लायनरची नवी नळी बसवायलाही वाव नाही. म्हणजे एक जरी सिलिंडर मर्यादेपलीकडे झिजलेला निघाला, तर सरळ भंगार. मी गेज लावला. वरून मोजलं, खालून मोजलं, आडवं मोजलं. काटा जागचा हलायला तयार नाही. पहिल्या दोन सिलिंडरांचे आकडे मी खरे लिहिले. तिसऱ्याचा लिहायला खडू उचलला तेवढ्यात आई चहा ठेवायला आली. कप ठेवला, दारापर्यंत गेली, आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, "घाटात धुकं असतं रे." मग गेली.

मी तिसऱ्या सिलिंडरचा आकडा मर्यादेपेक्षा किंचित जास्त लिहिला, आणि पोतं टाकलं. अक्षर नेहमीइतकंच सुबक आलं, याचंच मला वाईट वाटलं. माझा हिशेब साधा होता. बाबा खरा आकडा लिहितील, जुळणार नाही, मग पुन्हा मोजायचं, मी पुन्हा तोच लिहिणार, पुन्हा जुळणार नाही, असं करत करत दिवस ढकलायचे, तोवर बाबांचं मन दुसऱ्या कशात तरी रमेल. खोटं सिद्ध करायचं नव्हतं ग मला, नुसतं लांबवायचं होतं. चहा प्यालो तो गार झाला होता.

बाबा आत गेले, दार लावलं. मी पायरीवर बसलो. या खेपेला त्यांनी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. मला वाटलं, म्हाताऱ्याने पकडलं. मग दार उघडलं, आम्ही सगळे आत गेलो, मी पोतं काढलं आणि वळसा घालून उजव्या बाजूला गेलो. तिसऱ्या सिलिंडरसमोर माझाच आकडा होता. तोच. अर्ध्या रेघेचाही फरक नाही. जे हवं होतं ते मिळाल्यावर माणसाने कुठे बघावं हे आईला कळत नव्हतं. बाबा म्हणाले, "जुळलं. बाद." त्यांनी स्वतः खडू घेऊन ब्लॉकवर मोठी फुली मारली, हात धुतले, आणि शेडमध्ये जाऊन गाडीवर पुन्हा ताडपत्री टाकून आले. ताडपत्रीची टोकं नीट दुमडून बांधली होती, मी नंतर बघितलं. ते बघून मला भडभडून आलं, आणि मी पाठ दुखतेय असं सांगून आत जाऊन पडलो.

पडल्यापडल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरा आकडा मला माहीत आहे. बाबांनी तो लिहिला नाही. म्हणजे बाबाही खोटं बोलले. डायलवरची केसाएवढी रेघ न चुकणारा माणूस इतकी मोठी चूक करणार नाही, तेव्हा त्यांनी ती जाणूनबुजून केली. त्यांनाही घाटाची धास्ती असणार, पण न्हाव्याला आणि शिंप्याला सांगून बसल्यावर माघार कशी घ्यायची? त्यांनाही बिडाचीच साक्ष हवी होती. (दोघांचं खोटं तंतोतंत एकच कसं आलं, हे कोडं मला थोडा वेळ पडलं होतं. पण मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. बाद करायचं तर मर्यादेच्या किती पलीकडे लिहावं, याचंही माप आमचं एकच असणार.) आता आमची गंमत बघ. माझं खोटं त्यांना ठाऊक, त्यांचं मला ठाऊक, आणि आकडे जुळले असल्यामुळे दोघांनाही तोंड उघडायची सोय नाही. आम्ही जेवताना एकमेकांना मीठ पुढे करतो ते इतक्या आदराने, की तुझी भावजय म्हणते, तुमचं भांडण झालंय का?

गल्लीत बातमी पसरली. शिंपी भेटायला आला तो कोणी गेल्यासारखा चेहरा करून. ब्लॉक गेल्याचं कळलं म्हणाला, आणि चहासुद्धा घेतला नाही. मग भंगारवाला आला. त्याने सवयीप्रमाणे ब्लॉकवर हातोडी आपटली. ब्लॉक वाजला, पुन्हा तसाच, घंटेसारखा. भंगारवाल्याने आधी ब्लॉककडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. बाबा कपाटातले पाने नीट लावत होते. मी छताकडे बघत होतो. "हा तर वाजतोय," तो म्हणाला. बाबा म्हणाले, आज नको, पुढच्या खेपेला ने. मी म्हटलं, हो हो, पुढच्याच खेपेला. इतक्या तातडीने आम्ही दोघं कधीच एका मताचे झालो नव्हतो.

आणि आता खरी गोष्ट. धुतलेलं बीड उघडं ठेवलं की हवेने गंजतं, हे तुला माहीत आहे. बाद ब्लॉक गंजला काय आणि राहिला काय, पण माझ्याने बघवेना. दुपारी सगळे झोपलेले बघून मी तेलाची बुधली घेऊन वर्कशॉपात गेलो, पोतं उचललं, सिलिंडरमध्ये बोट घातलं, तर बोट तेलकट. आधीच कोणीतरी तेल लावून गेलेलं. दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा ताजं तेल. तुझ्या भावजयीला विचारलं, ती म्हणाली, मला डोक्याला लावायला मिळत नाही. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. तूच सांग, भंगाराला कोणी तेल लावतं का? बाबा लावतात. आणि त्यांनी लावलेल्या तेलावर मीही थोडं लावून येतो, म्हणजे त्यांना कळू नये की मला कळलंय. हल्ली तो ब्लॉक इतका तुकतुकीत झालाय की पुढच्या खेपेला भंगारवाला तो उचलायला गेला तर हातातून निसटेल.

बाबा मात्र गप्प झालेत. तुझ्या घराच्या ओलीबद्दल विचारत नाहीत. हे मला सोसत नाही. घाटाची भीती होती तेव्हा निदान घरात आवाज होता.

बाकी सर्व क्षेम. आमच्यावरचा लोभ वाढवता आला नाही तरी गंजू देऊ नये, ही विनंती. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – वर इतकं लिहिलं ते केवळ मन मोकळं करायला, असं तू समजली असशील. तसं नाही. तुझ्याकडे काम आहे. ब्लॉक दाराबाहेर जाईपर्यंत घरचं कोणीही फेरमाप मागू शकतं, ही बाबांचीच रीत. मी मागू शकत नाही, कारण आकडा माझा. बाबा मागू शकत नाहीत, कारण आकडा त्यांचा. आई आणि तुझी भावजय मागणार नाहीत, कारण त्यांना हाच आकडा हवा होता. राहिलीस तू. आपल्यात सर्वांत चांगला हात तुझा, हे मी तोंडावर कधी कबूल करणार नाही. तेव्हा सहज आल्यासारखी ये, सहज गेज उचल, खरा आकडा लिही. मी इंजिन बांधून देतो. आणि मग घाटातून नेहमी ये-जा करणारी तू गाडी चालव आणि बाबांना शेजारी बसवून तुझ्या घरी घेऊन जा. तुझ्या शेजारी बसायला ते पार्सल म्हणणार नाहीत. भंगारवाल्याची पुढची खेप यायच्या आत ये.

ता. क. दुसरा – मी खोटं माप लिहिलं, आणि बाबांनीही लिहिलं हे मला कळलंय, यातलं अक्षरही बाबांच्या कानावर जाता कामा नये. हा माणूस आयुष्यभर मापाला जपला, म्हातारपणी त्याला खाली बघायला लावू नये. पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. तिसरा – पाकीट आईकडे देतोय. तिला नेहमीप्रमाणे दोन ओळी लिहायच्या आहेत. काळजी नको, ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

चि. ताईस आईचे अनेक आशीर्वाद. मी कोणाचं पत्र वाचत नाही. पण खाली दोन ओळी लिहायच्या तर वर काय लिहिलंय ते कळायला नको का, म्हणून वाचलं. बाबा शेजारी बसले होते म्हणून मोठ्याने वाचलं. (धुक्याचं मी बोलले ते खरं. पण चहा गार नव्हता, त्यानेच गार केला.) बाबा आधी हसले, खोकला येईपर्यंत हसले. आता सांगतायत ते लिहिते, शब्द त्यांचे आहेत.

पोरी, तुझ्या भावाने सगळं बरोबर लिहिलंय, एक सोडून. मी खोटं माप लिहिलं नाही, कारण मी मापच घेतलं नाही. डायलवरच्या रेघा मला दिसेनाशा होऊन पुष्कळ काळ झाला. दार लावायचो ते श्वासासाठी नव्हे. पोतं उचलायचं, नाक ब्लॉकला लावून त्याचे खडूचे आकडे बघायचे, आणि तेच माझ्या बाजूला लिहायचे. कधीमधी मुद्दाम अर्धी रेघ इकडची तिकडे करायचो, नाहीतर त्याला संशय आला असता. तो बिचारा पुन्हा मोजायचा. गिऱ्हाइकाचं यात कधी नुकसान झालं नाही, कारण त्याचं माप कधी चुकलं नाही. हे त्याला मी कधी सांगितलं नाही, ते इथे लिही. (लिहिलं. – आई)

या खेपेला पोतं उचललं, तिसऱ्याचा आकडा बघितला आणि पटेना. सिलिंडर झिजला की रिंग पोचत नाही तिथे, वरच्या काठाखाली, पायरी पडते आणि नख अडकतं. मी नख फिरवलं. सगळीकडून फिरवलं. कुठे म्हणून अडकलं नाही. तेव्हा कळलं की पोराने पहिल्यांदा खोटं माप लिहिलंय, आणि कोणासाठी तेही कळलं. ज्याला डायल दिसत नाही त्याने घाटात गाडी घालू नये, हे काय मला समजत नाही? पण ते सांगायचं तर डायलचं सांगावं लागलं असतं. मी त्याचा आकडा जशाच्या तसा उतरवला आणि हलकं वाटलं. मग ताडपत्री टाकताना वाईट वाटलं. तेल मीच लावतो. सगळीकडे पोचतं की नाही ते दिसत नाही, तेव्हा तोही लावून जातो ते बरंच झालं.

तू ये. फेरमाप माग. गाडी तू चालव, मी शेजारी बसेन. ऑपरेशनचं तू आल्यावर बघू, मी हो म्हटलेलं नाही. (म्हटलंय, मी ऐकलंय. – आई) त्याला पत्रातून काही कळवू नकोस, माझं मी सांगेन, मापाच्या वेळी, त्याच्यासमोर. या खेपेला दार लावायचं नाही आणि पोतंही टाकायचं नाही. डायल तू मोठ्याने वाच, खडू मी धरतो.